एमआय रूमच्या पुस्तकात काय लिहायचं?

वर्धनगड

नमस्कार मंडळी.

आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट म्हणून 24 वर्षं नोकरी केली, आता सातारा जिल्ह्यात गावी असतो. आमच्याकडे घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे दुखलंखुपलं की पोरं अजूनही मला फोन करतात. गेल्या महिन्यात एकाचा आला. रजेवर आलेला. आधी पाऊसपाण्याचं बोलला, मग आवाज खाली आणून म्हणाला, "काका, लघवीला आग होतेय आणि चड्डीला पिवळे डाग पडतायत." किती दिवस? तर सहा आठवडे. तीन वेगवेगळ्या मेडिकलवाल्यांकडून गोळ्या घेऊन झाल्या होत्या, एकही कोर्स पुरा नाही. युनिटमध्ये का नाही दाखवलंस विचारलं तर म्हणाला, "पुस्तकात नाव चढलं असतं."

हे पुस्तक काय, ते फौजेबाहेरच्यांसाठी सांगतो. सकाळी ज्याला बरं नाही त्याचं नाव कंपनीत सिक रिपोर्टच्या पुस्तकात लिहितात. ते पुस्तक घेऊन पोरं एमआय रूमला, म्हणजे युनिटच्या तपासणीच्या दवाखान्यात, येतात. बाहेर बाकावर दहा-बारा जण, आत आरएमओ साहेब, म्हणजे पलटणीचे डॉक्टर, आणि आम्ही, मध्ये कापडाचा पडदा. त्या पडद्यातून सगळं ऐकू येतं. तपासून झालं की साहेब पुस्तकात लिहितात: एम अँड डी, म्हणजे औषध घ्या आणि ड्यूटीवर जा, नाहीतर लाइट ड्यूटी, नाहीतर अ‍ॅडमिट. मग पुस्तक परत कंपनीत. तिथे ते क्लार्क बघतो, हवालदार मेजर बघतो, आणि टेबलावर पडून असलं तर येणारा-जाणारा चाळतो. कुणी त्यात निदानही लिहून ठेवलं, तर ते संध्याकाळपर्यंत लंगरमध्ये, म्हणजे जेवणाच्या जागी, पोचलेलं असतं.

आता माझ्या हातून घडलेलं सांगतो. नोकरीचं तिसरं-चौथं वर्ष होतं. एका शिपायाची रक्ताची व्हीडीआरएल आणि मागाहून टीपीएचए तपासणी पॉझिटिव्ह आली, म्हणजे गरमी (सिफिलिस). उपचार ठरलेला: बेंझाथिन पेनिसिलिन 24 लाख युनिट, दोन्ही कुल्ल्यांत निम्मं निम्मं. हे औषध दुधासारखं पांढरं आणि दाट असतं. जाड सुई लागते, आणि भरून ठेवून वेळ घालवला तर सुईतच बसतं. मी औषध भरलं आणि घाईत दारातून ओरडलो, "पेनिसिलिनवाला कोण आहे रे?" बाकावरच्या सगळ्या माना वळल्या. तो उठला, आत आला, सुई घेतली, माझ्याकडे न बघता गेला. बराकीत त्याला तेच नाव पडलं, बदली होईपर्यंत. त्यानंतर तो एमआय रूमची पायरी चढला नाही. दीड वर्षानं टायफॉइड झाला तेव्हा उचलून आणावा लागला, तोवर तेरा दिवस ताप अंगावर काढला होता. माझी एक हाक एवढी महाग पडली. अजून आठवलं की जीव खालीवर होतो.

पुढे दुसऱ्या एका युनिटमध्ये आरएमओ म्हणून एक कॅप्टन मॅडम आल्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात कंपनीच्या पुस्तकात निदान लिहिणं बंद केलं. तिथे फक्त एम अँड डी. निदान वेगळ्या रजिस्टरात, नावाऐवजी क्रमांकानं, किल्ली त्यांच्या खिशात. आणि संध्याकाळी रोल कॉलनंतर अर्धा तास 'चामडीच्या तक्रारी' म्हणून ठेवला. त्या वेळेला नायटेवाले, भोवरीवाले, चिखल्या झालेले असे सगळे मुद्दाम बोलवायच्या, म्हणजे कोण कशासाठी आलाय ते कुणाला कळू नये. वर्षाच्या आत मी फरक बघितला. पोरं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी यायला लागली. नवीन कायदा आला नव्हता की वरून पत्र आलं नव्हतं. एका डॉक्टरनं पुस्तक आणि किल्ली नीट सांभाळली, बास.

फौजेत गुप्तता म्हटलं की लोकांना लपवाछपवी वाटते. माझा अनुभव उलटा आहे. तुमचं काय म्हणणं? अनुभव असतील तर लिहा, फक्त नाव, गाव, युनिट लिहू नका.

मराठा_पलटण

जय हिंद. पायदळात 28 वर्षं झाली, सुभेदार मेजर म्हणून निवृत्त.

मनापासून लिहिलंय तुम्ही, पण मला पूर्ण पटत नाही. कंपनी कमांडरला स्वतःचा प्रत्येक माणूस माहीत पाहिजे. उंचावरच्या पोस्टवर पंधरा माणसं असतात. बर्फ पडला की हेलिकॉप्टर येत नाही. तिथे एकाला गोळी लागली आणि रक्त हवं झालं तर शेजारचाच देणार. तेव्हा 'याचं रजिस्टर कपाटात आहे' म्हणून चालेल का? आम्ही राष्ट्रसंघाच्या मोहिमेवर काँगोत गेलो, गोमाच्या बाजूला. निघण्याआधी सगळ्यांच्या तपासण्या, वर्ग, कंडोमचं वाटप सगळं झालं. सुरक्षा परिषदेनं जुलै 2000 मध्ये शांतिसैनिक आणि एचआयव्ही या विषयावर ठराव 1308 केला, तो आम्हाला वर्गात सांगितला होता. कुणी लाजलं नाही.

आणि दुसरं. रजेवरून परत आलं की एफएफआय होतेच, 'फ्री फ्रॉम इन्फेक्शन', म्हणजे कसला संसर्ग नाही ना याची तपासणी. आमच्या भरतीच्या काळात लाइनीत उभं करून बघायचे. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण शिस्त म्हणून सगळे उभे राहायचे.

त्वचावैद्य

मी त्वचा व गुप्तरोग विभागात काम करते, सरकारी रुग्णालयात. फौजेत नव्हते, पण छावणीजवळच्या शहरात बरीच वर्षं काढल्यामुळे माझ्या ओपीडीत साध्या कपड्यातले, बारीक केस कापलेले, नाव विचारलं की क्षणभर थांबणारे पेशंट भरपूर येतात. ते थांबले की मला कळतं. मी पुढे विचारत नाही.

पलटणसाहेब, तुमचा मुद्दा खरा आहे, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. कमांडरला हवं असतं ते 'हा माणूस काय करू शकतो'. 'याला काय झालंय' हे नव्हे. फौजेची वैद्यकीय श्रेणीपद्धत मुळात याच तत्त्वावर उभी आहे. शेप म्हणजे मन, कान, हातपाय, शरीराची एकंदर क्षमता आणि डोळे, आणि प्रत्येकापुढे 1 ते 5 आकडा. आकडा बघून कमांडरला कळतं की याला उंचीवर पाठवायचं की नाही, गाडी चालवू द्यायची की नाही. आजाराचं नाव त्याला लागत नाही. साध्या परम्याला (गनोरिया) तर श्रेणी खाली करायचं कारणच नाही. एका दिवसाच्या औषधानं बरा होणारा आजार आहे.

रक्ताचं म्हणाल, तर कुणाला काय आहे ते आधी माहीत असणं ही कधीच पुरेशी सावधगिरी नसते. एचआयव्हीची लागण झाल्यावर तपासणीत दिसेपर्यंत काही आठवडे जातात. मागच्या महिन्यात निगेटिव्ह असलेला जवान आज कुणाला रक्त देऊन लागण करू शकतो. म्हणून रक्ताची प्रत्येक पिशवी तपासायची असते, माणसाची कीर्ती नव्हे.

काळाकोट

त्वचावैद्य यांच्या शेवटच्या वाक्याला धरून एक खटला सांगतो. सैन्य न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठापुढे माझी कामं असतात, त्यामुळे हा निकाल मी दोनदा वाचलाय.

हवाई दलातला एक कॉर्पोरल. ऑपरेशन पराक्रमच्या, म्हणजे पाकिस्तान सीमेवर फौज जमवली होती त्या वेळी, जम्मू-काश्मीरमध्ये तैनात. जुलै 2002 मध्ये आजारी पडला, सांब्याच्या लष्करी रुग्णालयात त्याला एक युनिट रक्त दिलं. 2014 मध्ये पुन्हा आजारी पडल्यावर एचआयव्ही निघाला. वैद्यकीय मंडळानंच मान्य केलं की लागण त्या रक्तातून झाली आणि ती सेवेशी निगडित आहे. तरी सेवेची मुदतवाढ नाकारली आणि 2016 मध्ये त्याला सेवामुक्त केलं. ग्राहक आयोगात तो हरला. शेवटी 26 सप्टेंबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयानं हलगर्जीपणा धरला आणि हवाई दल व भूदल दोघांना मिळून 1 कोटी 54 लाख 73 हजार रुपये द्यायला सांगितले. पलटणसाहेब, इथे कुणी जवानानं काही लपवलं नव्हतं. चूक पिशवीत होती.

आता यातली बोचणारी गोष्ट. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा 2017 चा, लागू झाला 10 सप्टेंबर 2018 ला. त्याच्या कलम 34 मध्ये स्पष्ट आहे की अशा खटल्यात माणसाची ओळख झाकून टोपणनावानं काम चालवता येतं. मुंबई उच्च न्यायालयानं तर हा कायदा यायच्या वीस वर्षं आधी, 1997 मध्ये, एका कामगाराला 'एमएक्स' या नावानं दाद मागू दिली होती. एका सार्वजनिक कंपनीनं एचआयव्ही म्हणून त्याला काम नाकारलं होतं, आणि तो जिंकला. पण या हवाई दलाच्या जवानाचं नाव 2023 मध्ये सगळ्या बातम्यांत छापून आलं. मी ते इथे लिहीत नाही. निकालातच न्यायालयानं सगळ्या कोर्टांना आणि न्यायाधिकरणांना सांगितलंय की अशी प्रकरणं लवकर घ्या आणि नावं झाका.

कायद्याचं थोडक्यात: लेखी संमतीशिवाय एचआयव्हीची माहिती दुसऱ्याला सांगता येत नाही (कलम 8). तपासणीलाही माहिती देऊन घेतलेली संमती लागते (कलम 5). शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमायचा असतो, आणि राज्यात लोकपाल. भेदभाव करता येत नाही. जुलै 2023 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ पीठानं केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या एका एचआयव्हीबाधित जवानाच्या बाजूनं निकाल दिला. शेप-1 नाही म्हणून त्याची बढती अडवली होती.

पण एक भोक आहे. हा सगळा कायदा फक्त एचआयव्हीपुरता. परमा, गरमी, नागीण, मस्से यांना असं कवच नाही. तिथे डॉक्टरच्या आचारसंहितेवर भिस्त. 2002 च्या नियमावलीत पेशंटचं गुपित फोडू नये असं आहे, अपवादांसह. पण वर्धनगड म्हणतात ते पुस्तक डॉक्टरच्या हातात नसतंच. क्लार्क आणि हवालदार मेजर यांना ती आचारसंहिता कुठली लागू?

जुना_नकाशा

काळाकोट, छान मांडणी. मी थोडं मागं जातो, कारण खडकी आणि पुणे छावणीचा इतिहास वाचताना हाच प्रश्न मला सारखा भेटतो.

आपल्याकडे या रोगाचं नावच फौजेशी बांधलेलं आहे. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात उपदंशासारख्या या नव्या रोगाला 'फिरंगरोग' म्हटलंय, म्हणजे फिरंग्यांबरोबर आलेला. पुढे इंग्रजांच्या काळात गोऱ्या पलटणींमध्ये हा प्रश्न एवढा वाढला की 1864 चा छावणी कायदा आणि 1868 चा सांसर्गिक रोग कायदा आला. छावणीच्या बाजारातल्या बायकांची नोंदणी, ठरावीक दिवशी जबरदस्तीनं तपासणी, आजार दिसला की लॉक हॉस्पिटलमध्ये, म्हणजे गुप्तरोगांच्या इस्पितळात, कोंडणं. सोल्जरची मात्र तशी तपासणी नाही. का, तर त्यानं त्याचा स्वाभिमान दुखावतो. म्हणजे त्या काळातही गुप्तता होतीच, पण एकाच बाजूची. बाईचं नाव रजिस्टरात, तिकिटावर, पोलिसाच्या हातात. आणि उपयोग? तो कायदा 1888 मध्ये गेला, आणि 1895 च्या सुमारास हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेत या रोगांसाठी इस्पितळात दाखल होण्याचं प्रमाण दर हजारी पाचशेच्या वर पोचलं होतं. जबरदस्तीच्या वर्षांतही रोग काही आटोक्यात आला नव्हता.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश फौजेनं दुसरा उपाय केला: या रोगानं इस्पितळात पडलेल्याचा पगार कापायचा. त्या युद्धात त्यांच्याकडे या रोगांसाठी चार लाखांवर दाखले झाले. पगार कापला की घरी कमी पैसे जातात, मग घरचे विचारतात. म्हणून सोल्जर काय करणार? लपवणार. अमेरिकेनंही असाच कायदा ठेवला होता, तो त्यांनी दुसऱ्या महायुद्धात, 1944 मध्ये काढून टाकला. माणसं लपवतात आणि उशिरा येतात, हे त्यांना कळलं होतं. आणि पेनिसिलिनही हाताशी आलं होतं.

गोव्याचंही लिहायला हवं, जरी ते फौजेचं नाही. 1989 मध्ये म्हापशाला डॉमिनिक डिसोझा या तरुणाला, तो नियमित रक्तदाता होता म्हणून, तपासणीनंतर पोलिसांनी बोलावून नेलं आणि जुन्या टीबी सॅनिटोरियममध्ये 64 दिवस एकटं कोंडलं. त्याला आधी सांगितलंही नव्हतं की का. गावाला मात्र कळलं होतं. त्यानं नंतर उघडपणे लढा दिला, म्हणून त्याचं नाव मी लिहितोय. ज्याला आजार, त्यालाच शेवटी कळणार, ही रीत फार जुनी आहे.

टेक्सासहून

माझा मुलगा इथे अमेरिकन सैन्यात आहे, म्हणून हा धागा उत्सुकतेनं वाचतेय. इथे दर दोन वर्षांनी सगळ्यांची एचआयव्ही तपासणी सक्तीची आहे. इथल्या आरोग्य गोपनीयतेच्या कायद्यात फौजेसाठी अपवाद आहे, की कामाच्या क्षमतेशी संबंधित माहिती डॉक्टर कमांडरला देऊ शकतो. पण जेवढी लागेल तेवढीच, असं कागदावर तरी आहे. एचआयव्ही निघाला तर जोडीदाराला आधी सांगायचं, असा लेखी आदेशच मिळतो आणि तो मोडला तर शिक्षा. मुलाला विचारलं तर म्हणाला, "आई, खरी भीती आदेशाची नाही, प्लाटूनमधल्या गप्पांची आहे." म्हणजे लंगर काय आणि इथलं चाओ हॉल काय.

रानजाई

आज पहिल्यांदा इथे लिहितेय. आयडी नवीन आहे, समजून घ्या.

सगळे जवानाच्या गुप्ततेबद्दल बोलताय. मी जवानाची बायको. दुसऱ्या खेपेला चौथ्या महिन्यात तालुक्याच्या दवाखान्यात रक्त तपासलं. रिपोर्टची चिठ्ठी सिस्टरनं सासूबाईंच्या हातात दिली आणि म्हणाली, हिला गरमी निघालीय, नवऱ्यालाही घेऊन या. सासूबाई घरी येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. घरी आल्यावर बोलल्या. माझ्या माहेरी फोन केला. आठ दिवस मला वेगळं ताट, वेगळी बादली. नवरा तेव्हा ईशान्येकडे, चार दिवसांनी रेंज मिळाली. मी रडत सांगितलं, तेव्हा पलीकडे बराच वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाला, मला आठ महिन्यांपूर्वी झालं होतं, इंजेक्शन घेतलं, बरा झालो. त्यानंतर तो एक महिन्याची रजा घरी येऊन गेला होता.

त्याच्या डॉक्टरनं त्याचं गुपित पाळलं. पुस्तकात लिहिलं नसेल, हाक मारली नसेल, सगळं नीट केलं असेल. मला कुणी सांगायचं होतं? मला आठवड्याला एक अशी तीन वेळा इंजेक्शनं घ्यावी लागली. बाळ सुखरूप आहे, देवाची कृपा. पण ते पाच महिने मी रात्री पोटावर हात ठेवून जागी असायची. आणि माझं गुपित? ते एका मिनिटात सासूबाईंच्या हातात होतं.

वर्धनगड

रानजाई ताई, तुमचं वाचून दोन दिवस लिहायला हात गेला नाही.

खरं आहे. मी 24 वर्षांत शेकडो पोरांना विचारलं असेल, "औषध पुरं कर, महिनाभर संबंध नको." बायको कुठे आहे, तिची तपासणी झाली का, हे मी फार थोड्यांना विचारलं. ती गावाकडे, दीड-दोन हजार किलोमीटरवर. आमच्या रजिस्टरात तिचा रकानाच नव्हता. मॅडमच्या रजिस्टरातही नव्हता. धागा काढताना माझ्या डोक्यात फक्त बाकावर बसलेला माणूस होता.

त्वचावैद्य

ताई, तुमच्याबाबतीत दोन ठिकाणी चुकलं. चिठ्ठी तुमच्याच हातात, बाजूला घेऊन द्यायला हवी होती. पेशंट तुम्ही होता. आणि तुमच्या नवऱ्यावर उपचार करताना जोडीदाराचा उपचार हा त्याच उपचाराचा भाग धरायला हवा होता. आमच्या शास्त्रात यात दुमत नाही. एकालाच औषध दिलं तर तो पुन्हा घरी जाऊन पुन्हा घेऊन येतो, आणि बाईला बहुतेक वेळा काही जाणवतही नाही. परमा, क्लॅमिडिया बाईच्या अंगात महिनोन् महिने गुपचूप राहतो. अंगावरून पांढरं जातं म्हणून ती दुर्लक्ष करते, आणि पुढे नळ्या बंद झाल्या की मूल होत नाही म्हणून बोलणी तिलाच.

सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे गुप्तरोगांच्या दवाखान्यात, लक्षणांप्रमाणे औषधांची रंगीत किट असतात, फुकट. पुरुषाच्या लघवीच्या जागेतून पू येत असेल तर करड्या रंगाचं, क्रमांक 1. त्याच्या बायकोसाठीही द्यायचं असतं. नवरा सीमेवर असेल तर ती तिच्या जिल्ह्यात स्वतः जाऊन घेऊ शकते, नवऱ्याचा नंबर, रँक, युनिट काहीही सांगायची गरज नाही. गरोदर असेल तर आधी सांगायचं, कारण काही औषधं चालत नाहीत. गरमीला गरोदरपणी पेनिसिलिनच.

काळाकोट

ताईंच्या प्रश्नावर कायद्याचं उत्तर अर्धंच आहे. 2017 च्या कायद्याचं कलम 9 जोडीदाराबद्दल आहे. डॉक्टरला वाटलं की जोडीदाराला मोठा धोका आहे, पेशंटला समजावूनही तो सांगणार नाही, तर पेशंटला 'मी आता सांगणार आहे' अशी कल्पना देऊन डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला समोर बसवून सांगू शकतो. पेशंट बाई असेल आणि तिला नवऱ्याकडून मारहाणीची भीती असेल तर डॉक्टरनं त्याला सांगायचं नाही. विचारपूर्वक लिहिलेलं कलम आहे. पण ते एचआयव्हीपुरतं. गरमीला असा रस्ताच आखलेला नाही. 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका प्रकरणात म्हटलं होतं की गोपनीयतेचा हक्क होणाऱ्या बायकोच्या जिवापेक्षा मोठा नाही, तेही एचआयव्हीचंच प्रकरण. त्या निकालात बाधितानं लग्न करू नये असंही म्हटलं होतं, त्या भागाला 2002 मध्ये त्याच न्यायालयानं मुरड घातली.

आणखी एक अडचण फक्त फौजेची आहे. परस्त्रीसंबंध हा 2018 पासून सर्वसामान्य कायद्यानं गुन्हा नाही, पण 31 जानेवारी 2023 ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की फौज आपल्या कायद्यांखाली त्यासाठी कारवाई करू शकते. म्हणजे जवानाच्या डोक्यात गणित असं होतं: आजार सांगितला की पुढचा प्रश्न 'कुठून आणला' हा येणार. आरएमओ हा डॉक्टर आहे पण वर्दीतला डॉक्टर आहे. ही भीती कुठल्याही पत्रकानं जात नाही. ती फक्त तशा चार-दोन डॉक्टरांच्या वागण्यानं जाते.

मराठा_पलटण

रानजाई ताई, तुमच्या वडिलांच्या वयाचा आहे मी. तुमची हकीकत वाचली आणि माझं आधीचं लिहिणं पुन्हा वाचलं.

माझ्या कंपनीत एक होता. त्याचं मला कळलं होतं, क्लार्कनं सांगितलं. मी त्याला बोलावून सगळ्यांसमोर नाही, पण चांगलं फैलावर घेतलं. कुटुंबाची अब्रू, पलटणीची अब्रू, सगळं सुनावलं. बायकोला दाखव असं एकदाही म्हणालो नाही. मला वाटलं मी माझं काम केलं. तेव्हा मला माहीत असून कुणाचं भलं झालं? त्याचंही नाही, तिचंही नाही.

उंचावरच्या पोस्टचा माझा मुद्दा मी सोडत नाही. पण त्याचं उत्तर आकडा आहे, नाव नाही, हे डॉक्टरबाईंचं पटलं.

वर्धनगड

पलटणसाहेब, मोठं मन लागतं हे लिहायला.

ताईंच्या प्रश्नावर मला सुचलेलं: एमआय रूममधून जवानाला औषध देताना त्याच्याच हातात एक बंद चिठ्ठी द्यायची, बायकोच्या जिल्ह्यातल्या सुरक्षा क्लिनिकच्या नावानं. वर कसलाही शिक्का नको, युनिटचं नाव नको, आत फक्त औषधाचं लिहिलेलं. आणि पंधरा दिवसांनी पोरगं पुन्हा आलं की पहिला प्रश्न 'वहिनींची तपासणी झाली का?' एवढाच. शिक्षा नाही, कबुली नाही. हे आरएमओला एकट्यानं करता येतं. मी दोन ओळखीच्या नोकरीतल्या पोरांना, तेही नर्सिंग असिस्टंट आहेत, हा धागा वाचायला पाठवलाय.

नवा_आयडी_77

काकांना फोन केला होता तो मीच.

फोनवर तुम्ही सुरक्षा क्लिनिकला जा म्हणाला होतात. गेलो नव्हतो. हा धागा वाचून काल गेलो. जिल्ह्याच्या ठिकाणी, सिव्हिलमध्ये. नाव दुसरं सांगितलं, कुणी ओळखपत्र मागितलं नाही. समुपदेशक ताई होत्या, दार लावून बोलल्या. एचआयव्हीचं, गरमीचं रक्त घेतलं, आधी विचारून घेतलं. दोन्ही निगेटिव्ह आहेत, पण तीन महिन्यांनी परत तपासायला सांगितलंय. एड्सच्या हेल्पलाइनचा 1097 नंबर लिहून दिला, म्हणाल्या तिकडून फोन केला तरी चालतो.

किट दोन दिली. माझं घेतलं. दुसरं माझ्या बॅगेत आहे.

त्वचावैद्य

फार चांगलं केलंत. सात दिवस आणि त्रास पूर्ण थांबेपर्यंत संबंध नको, दोघांचंही औषध होईपर्यंत तर नकोच. आधीचे तीन कोर्स अर्धवट सोडलेत, त्यामुळे आठवड्यानंही स्राव राहिला तर परत दाखवा, औषध बदलावं लागेल. आणि बायको गरोदर आहे का, हे त्यांना सांगितलं होतं का?

नवा_आयडी_77

नाही, गरोदर नाही. ते विचारलं होतं त्यांनी.

डॉक्टर, काय सांगून देऊ तिला? ताकदीची गोळी म्हणून दिली तर?

रानजाई

नका देऊ तशी. मला सांगितलं असतं तर मी रागावले असते, माहेरी गेले असते कदाचित महिनाभर. पण दुसऱ्याकडून कळलं, ते मला अजून विसरता येत नाही. तुम्हीच सांगा. घरात सांगू नका, बाहेर कुठेतरी न्या, देवाला म्हणून न्या. घरात भिंतींना कान असतात.

वर्धनगड

ताई म्हणतात तसं कर. रजा कधी संपतेय?

नवा_आयडी_77

रविवारी रात्रीची गाडी आहे. उद्या तिला घेऊन औंधला जातोय, यमाईच्या डोंगरावर. पायऱ्या चढताना बोलतो.